रुग्णाचा कायदा, लेखांक ८ : डोळ्यात राहून गेलेली वस्तू

मागच्या आठवड्यात संमतिपत्राचा विषय झाला. आज शस्त्रक्रियेत आत राहून गेलेल्या वस्तूंविषयी.

पोटात कापड राहिले, तर रुग्णालयाला बोलायला फारशी जागा उरत नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये बाळंतिणीच्या नसबंदीच्या वेळी टॉवेल पोटात राहिला. पोट पुन्हा उघडावे लागले, आणि त्या बाई दगावल्या. ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टॉवेल आत राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा मानला. खुलासा देण्याची जबाबदारी रुग्णालयावर आली. भरपाई ३६,००० रुपये, आणि निकालाचे साल १९९६!

डोळ्याचे प्रकरण मात्र एवढे सरळ नसते. फेको पद्धतीने मोतीबिंदू काढताना भिंगाची मागची पिशवी फाटली, तर मोतीबिंदूचा तुकडा आत पडू शकतो. तो रुग्णाच्याच भिंगाचा असतो, आणि ही गुंतागुंत कुशल डॉक्टरच्या हातूनही होते. तेवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही. तुकडा पडल्याचे लपवले, किंवा पडद्याच्या तज्ज्ञाकडे वेळेत पाठवले नाही, तर दावा भक्कम होतो. पडद्याच्या शस्त्रक्रियेत भरलेले सिलिकॉन तेल तर मुद्दाम ठेवलेले असते. ते बहुतेक वेळा काही महिन्यांनी काढायचे असते, हे रुग्णाला सांगायलाच हवे. कापसाचा धागा, पात्याचे टोक, लासरूच्या शस्त्रक्रियेत राहिलेला गॉजचा तुकडा, या गोष्टी मात्र खऱ्या अर्थाने परक्या.

वस्तू कशाची, यावरही बरेच ठरते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे कण रुतले होते. डोळ्याने ते निमूट सोसले, हे हॅरोल्ड रिडले यांनी हेरले आणि १९४९ मध्ये लंडनला पहिले कृत्रिम भिंग बसवले. लोखंड असे गप्प बसत नाही. ते गंजते आणि हळूहळू पडदा निकामी करते. नाशिकजवळच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यात ग्राइंडिंग करणाऱ्या कामगाराच्या डोळ्यात असा कण सापडला, तर पहिला प्रश्न येणार : तो शस्त्रक्रियेत राहिला की आधीच होता? उत्तर शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीच्या कागदांतच मिळते.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती मुदतीची. ग्राहक कायद्यात तक्रारीसाठी दोन वर्षे आहेत. गोव्यातल्या एका परिचारिकेच्या पोटात मुंबईत १९९३ साली झालेल्या शस्त्रक्रियेतला गॉज २००२ मध्ये सापडला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. नऊ वर्षे दुखत असताना, स्वतः परिचारिका असूनही, तिने वेळीच दाखवले का नाही, असा न्यायालयाचा सवाल होता. मला हा निकाल कठोर वाटतो. पण कायदा आज असाच आहे. ‘ऑपरेशननंतर थोडं टोचणारच’ म्हणून वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या आजीला तो महागात पडेल.

शिबिरात फुकट शस्त्रक्रिया झाली म्हणून हक्क आपोआप संपत नाही. जे रुग्णालय काहींकडून पैसे घेते आणि काहींना मोफत सेवा देते, तिथले मोफत रुग्णही ग्राहक ठरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. जिथे सर्वांनाच सेवा मोफत असते, अशा सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयात जावे लागते. ग्राहक आयोगात, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. शस्त्रक्रिया मुंबईत झाली असली, तरी नाशिकचा रहिवासी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो.

त्यासाठी कागद हवेत. डिस्चार्ज कार्डावर बसवलेल्या भिंगाचे स्टिकर असते, त्यावर नंबर आणि अनुक्रमांक. ते कार्ड फेकू नका. केसपेपर, ऑपरेशनची नोंद आणि तपासण्यांच्या प्रती लेखी मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या देण्याचे बंधन डॉक्टरांवर २००२ च्या नियमावलीने घातले आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आणि डोळा लाल राहिला, दुखत राहिला किंवा अंधुक होत गेला, तर त्याच आठवड्यात दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाला दाखवा.