दादीच्या सुईचा हिशेब कोण मांडणार?

थंडीची चाहूल लागली की नांदेड आणि लातूरच्या बाजारपेठेत गादी-रजईच्या दुकानांना वेग येतो. जुनी गादी उसवून पुन्हा भरून घेणारे, लेकीच्या लग्नासाठी नवी रजई सांगणारे, असे सर्व प्रकारचे गिऱ्हाईक या दिवसांत येते. दुकानदार रुईचा भाव सांगतो, कापडाचा भाव सांगतो, पिंजण्याची मजुरी सांगतो. मात्र घरी बसून त्या रजईवर ज्या बाईने टाके घातले, तिच्या मजुरीचा आकडा पावतीवर क्वचितच वेगळा दिसतो. गोधडीचे तर विचारूच नका. ती दादीने, नानीने किंवा सासूबाईंनी शिवलेली असते आणि 'घरचेच काम' म्हणून तिचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

ज्या कामाचा हिशेब नाही, ते शिकावे असे नव्या पिढीला वाटत नाही. आज घराघरांत सत्तरी ओलांडलेल्या ज्या बाया गोधडी घालतात, त्यांच्यामागे हा हुन्नर कोण सांभाळणार, हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. तो आपल्या रोजगाराचा प्रश्न आहे.

दुकान आणि घर

मराठवाड्यात कापसाशी आणि सुईशी मुस्लिम कारागिरांचे नाते जुने आहे. रुई पिंजणारी पिंजारी बिरादरी नदाफ आणि मन्सूरी या नावांनीही ओळखली जाते. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत या नावांचा समावेश आहे. शिवणकाम करणाऱ्या दर्जी बिरादरीतील अनेकजण स्वतःला इदरीसी म्हणवतात, कारण सर्वप्रथम कपडे शिवले ते हजरत इदरीस (अलैहिस्सलाम) यांनी, अशी त्यांच्यात परंपरेने धारणा आहे.

नांदेड तर कापसाचेच गाव. येथील तलम मलमल एके काळी प्रसिद्ध होती. निजामी राजवटीत येथे उस्मानशाही मिल उभी राहिली, ती पुढे नांदेड टेक्सटाईल मिल झाली आणि अखेर बंद पडली. येथील कापूस संशोधन केंद्राचे 'नांदेड ४४' हे संकरित वाण १९८० च्या दशकात शेतकऱ्यांच्या तोंडी झाले. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या केंद्रात राष्ट्रध्वजासाठी लागणारे खादीचे कापड विणले जात आले आहे.

आता चित्र बदलले आहे. लातूरची ओळख सोयाबीनची बाजारपेठ म्हणून झाली. पिंजाऱ्याच्या खांद्यावरची धुनकी गेली आणि विजेवर चालणारे पिंजणयंत्र आले. फोमच्या गाद्या आणि पानिपतची स्वस्त ब्लँकेटे खेड्यापर्यंत पोहोचली. या सर्व घडामोडीत एक भांडवल मात्र अजून घरातच शिल्लक आहे, ते म्हणजे वडीलधाऱ्या बाईचा हात.

सुई ओवण्यापासून सुरुवात

हा हुन्नर कोणत्या शाळेत शिकवला जात नाही. दादीची नजर अधू होते आणि ती नातीला हाक मारते, "बेटा, जरा सुई ओवून दे." शिक्षण तेथून सुरू होते. मग जुने कपडे उसवण्याचे काम मिळते. उसवता उसवता मुलीला कळू लागते की शिवण कशी बसलेली असते, कोणते कापड विरले आहे आणि कोणत्यात अजून जीव आहे. त्यानंतर कच्चे टाके, मग सरळ ओळ आणि सर्वांत शेवटी कोपरा. कोपरा नीट वळला की मुलगी शिकली, असे म्हातारी माणसे समजतात.

दर्जीच्या दुकानातही क्रम असाच असतो. नवा शागीर्द आधी काज-बटण आणि तुरपाई करतो. मग पायजमा, परकर अशी सोपी शिलाई त्याच्याकडे येते. कात्री मात्र उस्तादाच्याच हातात राहते, कारण शिलाई चुकली तर उसवता येते, बेतणे चुकले तर कापड वाया जाते. फरक इतकाच की दुकानातल्या शागिर्दाला आपण धंदा शिकत आहोत हे ठाऊक असते. घरातल्या मुलीला तसे कोणी सांगत नाही.

गोधडीची रीत

गोधडी म्हणजे चिंध्यांचे गाठोडे, असा समज असेल तर तो सोडावा. तिच्या मागे पक्के व्यवहारज्ञान आहे.

पहिली गोष्ट कापडाची. वारंवार धुऊन मऊ झालेले सुती कापड गोधडीला उत्तम. त्यातून सुई सहज जाते आणि ते घाम शोषून घेते. पूर्वी नऊवारी लुगडी, धोतरे, मलमलीच्या ओढण्या घरोघरी होत्या. आज कपाटात बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या. त्या निसरड्या असतात, त्यांचे थर एकमेकांवर सरकतात आणि त्यांतून हवा खेळत नाही. म्हणून अशा साड्या घ्याव्याच लागल्या तर त्या मधल्या थरात ठेवाव्यात आणि अंगाला लागणारी बाजू सुती कापडाची घ्यावी. येथे दर्जी बांधवांना एक संधी आहे. दुकानात रोज पडणारी सुती कात्रणे फेकून न देता रंगाप्रमाणे वेगळी केली, तर ती गोधडीच्या वरच्या थराला कामी येतात. रंग सुटणारा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर घासून आधीच ओळखावा. एक लाल तुकडा अख्खी गोधडी खराब करू शकतो.

दुसरी गोष्ट अंथरण्याची. स्वच्छ जमिनीवर खालचे कापड ताणून पसरतात आणि त्यावर एकेक थर सुरकुती न ठेवता लावतात. मग लांब लांब कच्चे टाके घालून सर्व थर जागेवर बांधतात. घाईत हीच पायरी सोडली जाते आणि मग धुतल्यावर गोधडीला फुगवटे येतात. वयस्क बाया अंथरण्यावरच निम्मा दिवस घालवतात, त्याचे कारण हे आहे.

तिसरी गोष्ट टाक्याची. साधा धावदोराच असतो, पण ओळी समांतर आणि टाके सारखे हवेत. काही घरांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओळी घालतात, तर काही घरांत काठापासून सुरू करून चौकोनामागून चौकोन घालत मधोमध येतात. दोऱ्याची गाठ थरांच्या आत लपवतात, म्हणजे ती अंगाला टोचत नाही आणि धुताना सुटत नाही. बाळंतिणीच्या घरी लागणारे दुपटे तर सर्वांत मऊ कापडाचे आणि कमी थरांचे करतात.

रजईचे टाके याहून वेगळे. तेथे थर कापडाचे नसतात, रुईचे असतात. खोळीत रुई सारखी पसरली नाही किंवा टाक्यांतले अंतर फार ठेवले, तर महिन्याभरात ती एका बाजूला गोळा होते. रुई किती आणि टाका किती अंतरावर, हे हाताच्या अंदाजाने सांगणारी माणसे आता मोजकीच राहिली आहेत.

टाक्यांचा हिशेब

आता जरा कागद-पेन्सिल घेऊ. ५ फूट रुंद आणि ७ फूट लांब अशी एक गोधडी धरा. टाक्यांच्या ओळींमध्ये एक इंचाचे अंतर ठेवले तर ६० ओळी होतात. प्रत्येक ओळ ७ फुटांची, म्हणजे एकूण ४२० फूट शिवण. एका इंचात ४ टाके धरले तर एका गोधडीत २० हजारांहून अधिक टाके पडतात.

समजा, सरावलेला हात तासाला १४ फूट शिवण घालतो. मग नुसत्या शिवणीला ३० तास लागले. धुणे, उसवणे, कापणे आणि अंथरणे यांचे आणखी ६ तास धरा. एकूण ३६ तास. तासाला ५० रुपये मजुरी लावली तर ती १,८०० रुपये होते. अस्तर, दोरा वगैरे सामान ४०० रुपयांचे धरले, तर गोधडीची मूळ किंमत २,२०० रुपये झाली आणि त्यात दुकानदाराचा नफा अजून आलेलाच नाही.

हीच गोधडी शेजारणीच्या भिडेखातर ८०० रुपयांना दिली तर काय उरते? सामान वजा जाता ४०० रुपये, म्हणजे तासाला ११ रुपये. इतक्या मजुरीवर कोणती मुलगी शिकायला बसेल? हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक घराने आपला हात, आपले सामान आणि आपल्या गावची मजुरी घेऊन ते मांडावेत. मात्र मांडावेत जरूर.

येथे यंत्राचाही विचार करावा लागेल. गिऱ्हाइकाच्या जुन्या साड्या घेऊन त्यांची यंत्रावर गोधडी शिवून देणारे व्यावसायिक आता महाराष्ट्रात सर्वत्र आहेत. ते काम थोड्या वेळात होते आणि स्वस्तही पडते. हाताच्या गोधडीने त्यांच्याशी भावाची स्पर्धा करू नये. दोन्ही माल वेगळे ठेवावेत, दोन्हींचे दर वेगळे सांगावेत आणि हाताचे काम कोणते हे गिऱ्हाइकाला दाखवून द्यावे. ज्या घरात शिलाई मशीन आहे, तेथे तुकडे जोडण्याचे काम मशीनवर आणि टाक्यांचे काम हाताने, अशी विभागणी करता येते.

शेजाऱ्यांनी काय केले

कोणी म्हणेल, चिंध्यांच्या गोधडीला एवढी किंमत कोण देतो? शेजारच्या कर्नाटकाकडे पाहा. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो. त्यात मुस्लिम, ख्रिश्चन आणि हिंदू असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या बाया जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. काम कोपऱ्यातून सुरू होते, काठाकाठाने पुढे जाते आणि मध्यभागी संपते. कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांना 'फुला' म्हणतात. फुला नसेल तर कवंदी उघडी मानली जाते. हा हुन्नरही आईकडून आणि आजीकडूनच येतो. या बायांनी एकत्र येऊन विक्री सुरू केली आणि त्यांच्या कवंदी अमेरिकेतील संग्रहालयांपर्यंत पोहोचल्या.

खुद्द अमेरिकेतही असेच उदाहरण आहे. अलाबामा राज्यातील जीज बेंड हे कापसाच्या मळ्यांवर राबलेल्या गुलामांच्या वंशजांचे गाव. तेथील बाया फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत, त्या थंडी भागवण्यासाठी. १९६६ साली त्या भागातील बायांनी सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्यांचे प्रदर्शन ह्यूस्टन आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भरले आणि २००६ साली अमेरिकी टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली.

दोन्ही ठिकाणी बायांनी टाका बदलला नाही. एकत्र येऊन त्याची विक्री उभी केली, आणि घरातले काम बाजारात मोलाचे ठरले.

आपल्या बाजारात वाव

परदेशाचे सोडा, आपल्या दारात गिऱ्हाईक आहे. 'लातूर पॅटर्न'मुळे दरवर्षी हजारो विद्यार्थी लातुरात राहायला येतात. नांदेडलाही शिकवण्यांसाठी बाहेरगावची मुले असतात. प्रत्येकाला अंथरूण-पांघरूण लागते आणि ते धुण्यास सोपे, हलके हवे असते. नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनासाठी देशभरातून यात्रेकरू येतात. लोहा तालुक्यातील माळेगावची यात्रा तर ऐन थंडीत भरते. बाळाची दुपटी बारमाही विकली जातात आणि एका दुपट्याला वेळही थोडा लागतो. म्हणून शिकाऊ मुलीने दुपट्यापासून सुरुवात करावी, हे धंद्याच्या दृष्टीनेही योग्य.

सरकारी योजनेचा उपयोग

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. कुटुंबात किंवा गुरूकडून शिष्याकडे चालत आलेले पारंपरिक कौशल्य टिकवणे, हा तिचा एक घोषित हेतू आहे. तिच्यातील १८ व्यवसायांत दर्जीचा समावेश आहे. पिंजारी हा व्यवसाय त्या यादीत स्वतंत्रपणे नाही, ही बिरादरीच्या संघटनांनी पुढे मांडण्यासारखी बाब आहे. पात्र कारागिराला प्राथमिक प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. आधी १ लाख आणि नंतर २ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाची सोय ५ टक्के व्याजाने आहे. कर्ज घेणे सक्तीचे नाही. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको आहे, त्यांना प्रशिक्षण आणि अवजारांचा लाभ तरीही घेता येतो. एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला नोंदणी करता येते, तेव्हा घरात कोण खरोखर शिवणकाम करते याचा विचार करूनच नाव द्यावे. लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती मोफत आहे. तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

कामे थोडीच, पण आजची

योजना येतात आणि जातात. घरातल्या उस्तानीची जागा कोणती योजना भरून काढू शकत नाही. म्हणून प्रत्येक कारागीर कुटुंबाने या हंगामात तीन गोष्टी कराव्यात. दादी, नानी किंवा खाला यांच्या शेजारी बसून घरातील एका तरी मुलीने किंवा मुलाने एक गोधडी पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत पूर्ण करावी. तिला किती तास आणि किती सामान लागले, ते वहीत लिहावे. आणि ती विकली तर मजुरीची रक्कम दुकानाच्या गल्ल्यात न टाकता शिवणाऱ्या बाईच्या हातात द्यावी.

मजुरीचा पैसा हातात पडला की मुलीला आपोआप शिकावेसे वाटते. शिकवणारी मात्र रोज थकत चालली आहे, हे विसरू नये.