विवाह व परकीयांचा निवासाधिकार
नागरिकाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीस त्या नागरिकाच्या देशात प्रवेश, निवास व नागरिकत्व यांसंबंधी मिळणारे हक्क व त्यांवरील मर्यादा. विवाहामुळे पत्नीस पतीचे राष्ट्रीयत्व आपोआप प्राप्त होते, हे तत्त्व १९१४ च्या ब्रिटिश कायद्यात होते. भारताच्या नागरिकत्व अधिनियमाने (१९५५) ते स्वीकारले नाही. विवाहाने भारतीय नागरिकत्व मिळत नाही. त्यासाठी अर्ज करण्याचा मार्ग तेवढा खुला होतो. तोपर्यंतचा निवास व्हिसावर अवलंबून असतो.

विवाहाचा अधिकृत पुरावा ही पहिली अट होय. भारतात असा विवाह विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये, तर परदेशात विदेशी विवाह अधिनियम, १९६९ अन्वये करता येतो. भारतीय नागरिकाच्या पतीस वा पत्नीस प्रवेश-व्हिसा दिला जातो. अन्य व्हिसावर आलेल्या व्यक्तीने येथे विवाह केल्यास तिचा व्हिसा या प्रकारात बदलून घेता येतो. मात्र तत्पूर्वी दांपत्य एकत्र राहते किंवा कसे, याची चौकशी होते. नांदेड, लातूर यांसारख्या जिल्ह्यांत परकीयांच्या नोंदणीचे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे असते. या विषयावरील १९३९ व १९४६ च्या कायद्यांची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास व विदेशी व्यक्तीविषयक नव्या अधिनियमाने घेतली.

नोंदणीकृत विवाह सलग दोन वर्षे टिकला असल्यास ‘ओसीआय’ कार्डासाठी अर्ज करता येतो. ही तरतूद २०१५ च्या दुरुस्तीने आली. कार्डधारकास आजीव व्हिसा मिळतो. परंतु मताधिकार मिळत नाही व शेतजमीन खरेदी करता येत नाही. शेतीप्रधान मराठवाड्यात ही दुसरी मर्यादा विशेष जाणवणारी आहे. विवाहविच्छेद झाल्यास हे कार्ड रद्द होऊ शकते.

नागरिकत्वासाठी अधिनियमाच्या कलम ५ अन्वये नोंदणी करावी लागते. मूळ तरतूद केवळ स्त्रियांपुरती होती. १९८६ मध्ये ती पुरुषांनाही लागू झाली व पाच वर्षांच्या निवासाची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने ही मुदत सात वर्षे केली. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाकडे जातो. मंजुरीनंतर निष्ठेची शपथ घ्यावी लागते व पूर्वीचे नागरिकत्व सोडावे लागते, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. पूर्वीच्या शब्दरचनेत ‘विवाहित असलेली किंवा पूर्वी विवाहित असलेली’ अशा दोन्ही व्यक्तींचा समावेश होता. सध्याची तरतूद विवाहित व्यक्तीपुरतीच आहे. मुदत पूर्ण होण्याआधी वैधव्य वा घटस्फोट ओढवल्यास या तरतुदीचा आधार उरत नाही; एकूण बारा वर्षांच्या निवासावर आधारलेला देशीयकरणाचा लांबचा मार्ग राहतो.

पाकिस्तान व बांगला देश यांच्या नागरिकांस ओसीआय कार्ड मिळत नाही. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात मोडत होता, ते १९४८ मध्ये भारतात आल्यानंतर तेथील काही कुटुंबे पाकिस्तानात गेली व नातेसंबंध सीमेच्या दोन्ही बाजूंस विभागले गेले. अशा नात्यांतून भारतीयांशी विवाह करून येथे राहणाऱ्या स्त्रियांसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची तरतूद आहे. पाकिस्तानी पतीच्या मृत्यूनंतर वा घटस्फोटानंतर निराधार होऊन परतलेल्या भारतीय वंशाच्या स्त्रियांनाही तो मिळू शकतो. (⟶ नागरिकत्व).