संघाची सीमारेषा कोण आखतो ?



सामना पाहतांना आपलें सारें लक्ष चेंडूकडे लागलेलें असतें. एक संघ आपला आहे आणि दुसरा परका आहे, एवढें आपण गृहीत धरून चालतों. पण 'आपला' संघ आपला कसा झाला ? अमुक गांव या संघांत आणि तमुक गांव त्या संघांत, ही वांटणी कोणी केली ? नदी-डोंगरांच्या सीमा निसर्गानें घातल्या. संघांच्या सीमा मात्र कोणी तरी कागदावर आखलेल्या असतात, आणि आखणारा हात बहुधा खेळाडूचा नसतो. तो राज्यसत्तेचा असतो, तिजोरीचा असतो, आणि गेल्या नव्वद वर्षांत प्रक्षेपण करणाराचाही झाला आहे. आपल्याच प्रांतांतील क्रिकेटच्या इतिहासावरून ही गोष्ट आज उलगडून सांगावयाची आहे.

आरंभ मुंबईपासून करूं. गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरीस मुंबईंत युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होऊं लागले. १९०७ सालीं त्यांत हिंदूंचा संघ आला व स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ सालीं मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी झाली. ही धर्मवार वांटणी लोकांच्या आवडीनिवडीमुळें आपोआप झाली, असें वरवर वाटतें. परंतु तिच्या मुळाशीं जमिनीची वांटणी होती. मुंबईच्या समुद्रकांठीं पारशी, मुसलमान व हिंदु यांच्या जिमखान्यांना सरकारनें निरनिराळ्या जागा दिल्या. जेथें मैदान धर्मावरून मिळतें, तेथें संघही धर्मावरूनच उभा राहणार, हें उघड आहे. सरकारी नकाशावर अगोदर रेघ पडली. प्रेक्षकांचा अभिमान तिच्या मागून आला.

अशा रेघेचा जाच सर्वांना सारखा होत नाहीं. जो दोन कप्प्यांच्या मध्यें उभा असतो, त्याला तो अधिक होतो. पाळवणकर बाळू यांचें उदाहरण पुण्याशीं निगडित आहे. पुण्यांतील युरोपियनांच्या क्लबाच्या मैदानावर ते काम करीत आणि सरावाच्या वेळीं साहेब लोकांना चेंडू टाकीत. त्यांच्या गोलंदाजीचें सामर्थ्य पाहून येथील हिंदु संघानें त्यांना खेळावयास घेतलें. मैदानावर त्यांचा चेंडू सर्वांना हवा होता. पण ते त्या काळीं अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतील असल्यामुळें चहाच्या वेळीं त्यांचा पेला निराळा असे आणि जागाही बाहेर असे. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरावर बळी मिळविले, तरी हिंदु संघाचें नेतृत्व त्यांना मिळालें नाहीं. तें त्यांचे बंधु विठ्ठल यांस १९२३ सालीं मिळालें. 'हिंदु' या एका शब्दानें आखलेल्या कुंपणाच्या आंत आणखी किती कुंपणें होतीं, हें यावरून कळतें.

दुसरें उदाहरण विजय हजारे यांचें. ते सांगलीचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबांतील. चौरंगी स्पर्धेंत त्यांच्यासारख्यांना जागाच नव्हती. १९३७ सालीं ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरे उरलेल्यांचा एक पांचवा संघ बनविण्यांत आला आणि त्याचें नांवही 'इतर' असेंच ठेवण्यांत आलें ! याच 'इतरां'कडून खेळतांना १९४३ च्या अंतिम सामन्यांत हजाऱ्यांनीं संघाच्या ३८७ धावांपैकीं ३०९ धावा एकट्यानें काढल्या. सामना हिंदूंनीं जिंकला. पण ज्यांची गणना उरल्यासुरल्यांत केली होती, त्यांच्यामधूनच त्या काळच्या श्रेष्ठ फलंदाजांपैकीं एक निघाला, ही गोष्ट त्या वांटणीवर पुरेसें भाष्य करते.

याच सुमारास नभोवाणीचा प्रवेश झाला. १९३४ सालच्या चौरंगी स्पर्धेंत बॉबी तल्यारखान यांनीं सामन्याचें धावतें वर्णन केलें, आणि आपल्या देशांत क्रिकेट कानांनीं पाहण्याची प्रथा सुरू झाली. नभोवाणीमुळें मैदानावर न मावणारा प्रेक्षक घरोघरीं तयार झाला. मुंबईच्या मैदानावरील चुरस आतां दूरच्या गांवींही ऐकूं जाऊं लागली. आणि चुरस म्हणजे धर्माधर्मांतील चुरस असल्यामुळें तिचे पडसादही दूरवर उमटूं लागले. त्याच वर्षीं, म्हणजे १९३४ च्या नोव्हेंबरांत, प्रांतवार संघांची रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली होती. परंतु गर्दी लोटे ती मुंबईच्या जातवार सामन्यांना, आणि रणजी स्पर्धेच्या मैदानांवर बांकें रिकामीं राहात. गर्दीबरोबर पैसाही तिकडेच जाई.

मग ती स्पर्धा बंद कशी पडली ? राजकारणानें तिला अनेकदां थांबविलें होतें. सविनय कायदेभंगाच्या काळांत, १९३० ते १९३३ पर्यंत, ती भरलीच नाहीं. १९३७ सालीं हिंदु संघ बाहेर राहिला, तो मात्र तत्त्वासाठीं नव्हे. नव्या ब्रेबोर्न क्रीडांगणावरील बैठकींच्या वांटपावरून तंटा झाला म्हणून. १९४० च्या डिसेंबरांत हिंदु जिमखान्याच्या मंडळींनीं वर्ध्यास जाऊन महात्मा गांधींचा सल्ला विचारला. महाविद्यालयांमधील व संस्थांमधील सामने आपणांस समजतात, परंतु हिंदु, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठीं, हें कधींच समजलें नाहीं, अशा आशयाचें मत त्यांनीं दिलें, आणि त्या वर्षीं हिंदु संघ खेळला नाहीं. १९४२ सालीं 'चले जाव' चळवळीमुळें स्पर्धा झाली नाहीं. १९४५-४६ च्या हंगामानंतर ती कायमची संपली. यांत राष्ट्रीय ऐक्याची तळमळ खरी होती. त्याचबरोबर, सारा पैसा एका शहरांतील एका स्पर्धेकडे वाहतो याबद्दल प्रांतिक क्रिकेट-संस्थांच्या मनांत असलेली असूयाही खरी होती. दोन्ही कारणें एकाच दिशेला ओढीत होतीं, म्हणून गांठ सुटली.

जातवार रेघा पुसल्या गेल्या, तेव्हां प्रांतवार रेघा उरल्या. पण त्या तरी निर्विकार होत्या काय ? रणजी करंडकाच्या संघांची यादी म्हणजे राजकीय नकाशाची जणुं छायाच होय. इंदूरच्या होळकरांचा संघ १९४१ पासून १९५५ पर्यंत खेळला व चार वेळां अजिंक्य ठरला. संस्थान गेलें, आणि मागोमाग संघाचें नांवही गेलें. नवानगरचा संघ तसाच लोपला. १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास भाऊसाहेब निंबाळकरांनीं नाबाद ४४३ धावा काढल्या, त्या काठेवाडच्या संघाविरुद्ध. दोन-तीन वर्षांतच त्या संघाचें 'सौराष्ट्र' झालें. फाळणीबरोबर सिंधचा संघ यादींतून नाहींसा झाला.

आणि आपल्या महाराष्ट्राचें काय ? येथें गंमत अशी, कीं क्रिकेटमध्यें 'महाराष्ट्र' हें नांव राज्याच्या आधीं पंचवीस वर्षें आलें. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखालीं या संघानें १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोन वेळां रणजी करंडक जिंकला, तेव्हां महाराष्ट्र राज्य ही केवळ एक आकांक्षा होती. १ मे १९६० रोजीं तें राज्य प्रत्यक्षांत आलें, पण क्रिकेटचा महाराष्ट्र वाढला नाहीं. मुंबईचा संघ निराळा, विदर्भाचा निराळा, आणि पुण्यास मुख्य ठाणें असलेला महाराष्ट्राचा निराळा, अशी त्रिस्थळी कायम राहिली. गुजरातेंतही गुजरात, बडोदा व सौराष्ट्र असे तीन संघ आहेतच.

एका राज्याला तीन मतें आणि दुसऱ्याला एकही नाहीं, हें न्याय्य कसें, असा प्रश्न न्यायमूर्ति लोढा समितीनें उपस्थित केला. जुलै १९१६ नव्हे, तर जुलै २०१६ मध्यें, म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत, सर्वोच्च न्यायालयानें 'एक राज्य, एक मत' हें तत्त्व मान्य केलें. त्यामुळें मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ यांनीं मताचा अधिकार पाळीपाळीनें वापरावा, अशी स्थिति आली. ९ ऑगस्ट २०१८ रोजीं त्याच न्यायालयानें आपला निर्णय बदलला. या संस्थांनीं खेळासाठीं केलेलें कार्य व त्यांचा इतिहास केवळ भूगोलाच्या आधारें पुसतां येणार नाहीं, असें मानून तिन्ही संस्थांचें पूर्ण सभासदत्व कायम ठेवण्यांत आलें. त्याच वर्षीं ईशान्येकडील राज्यें, बिहार, उत्तराखंड वगैरे नऊ नवे संघ येऊन रणजी स्पर्धेंतील संघांची संख्या ३७ झाली. मधल्या काळांत विदर्भानें २०१७-१८ व २०१८-१९ असा दोनदां करंडक जिंकून दाखविला. ज्या संघाच्या मताबद्दल वाद चालला होता, त्यानें आपलें उत्तर मैदानावर दिलें !

आतां तिसऱ्या हाताकडे, प्रक्षेपणाकडे, पुन्हां वळूं. मराठींत धावतें वर्णन रुजविणारे बाळ ज. पंडित आपल्या पुण्याचे. त्यांच्या काळीं नभोवाणी सामन्यामागें जात असे. सामना केव्हां व कोणाकोणांत व्हावा, हें ती ठरवीत नसे. १९९५ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ति आहे, कोणा एकाची मक्तेदारी नव्हे, असा निर्णय दिला, आणि प्रक्षेपणाच्या हक्कांचा बाजार मोकळा झाला. २००७ सालीं झी या दूरचित्रवाणी कंपनीच्या चालकांनीं स्वतःचीच एक क्रिकेट लीग काढली. क्रिकेट नियामक मंडळानें तिला मान्यता दिली नाहीं, आणि २००८ सालीं मंडळाची इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली. या लीगमधील संघ राज्यावरून किंवा प्रांतावरून बनले नाहींत. ते लिलावांत विकले गेले. २०२३ ते २०२७ या पांच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, म्हणजे सामन्यामागें सुमारें ११८ कोटी पडले. संघ अधिक तर सामने अधिक, आणि सामने अधिक तर हक्कांची किंमत अधिक, हें गणित शाळेंतील मुलालाही सुटेल. २०२२ सालीं आठांचे दहा संघ झाले, त्याचें मर्म या गणितांत आहे.

पुण्याला या बाजाराचा अनुभव दोनदां आला. एक संघ २०११ पासून २०१३ पर्यंत खेळला, आणि मालक व मंडळ यांच्यांतील पैशाच्या वादांत संपला. दुसरा २०१६ व २०१७ अशा दोनच वर्षांसाठीं, निलंबित संघांच्या जागीं, आणला होता. २०१७ चा अंतिम सामना तो एका धावेनें हरला, आणि त्यानंतर तो उरलाच नाहीं. बुधवार पेठेंतील ज्या मुलांनीं त्या संघाच्या रंगाचे सदरे हौसेनें शिवून घेतले, त्यांना ही वांटणी कोणी केली आणि कोणी मोडली, हें कोणीच समजावून सांगितलें नाहीं.

हा प्रकार आपल्याकडेच आहे, असेंही नव्हे. अमेरिकेंत विश्वविद्यालयांचे संघ प्रादेशिक गटांत खेळत आले आहेत. १९८४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें फुटबॉलच्या प्रक्षेपणावरील मध्यवर्ती संस्थेचें नियंत्रण काढून घेतलें, आणि प्रत्येक गट आपापले हक्क विकूं लागला. पुढें ज्या गटाला मोठा करार मिळे, तिकडे विश्वविद्यालयें धांवूं लागलीं. २००३ सालीं व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनीं आपल्या राज्यांतील एका विश्वविद्यालयाला अधिक चांगल्या गटांत जागा मिळावी म्हणून उघड दबाव आणला. २०२४ सालीं तर पॅसिफिक समुद्राजवळचीं स्टॅनफर्ड व बर्कली हीं विश्वविद्यालयें 'अटलांटिक किनारा' नांवाच्या गटांत दाखल झालीं ! विद्यार्थी खेळाडूंनीं एका सामन्यासाठीं सबंध खंड ओलांडावा आणि परत येऊन अभ्यासही करावा, अशी ती व्यवस्था आहे.

यावरून सत्तेचा, पैशाचा व प्रक्षेपणाचा हात खेळांत मुळींच नसावा, असें मी म्हणत नाहीं. रेघ कोणी तरी आखलीच पाहिजे, आणि मैदान, प्रवास व मानधन यांना पैसाही लागतोच. जातवार स्पर्धा बंद करणारा हातही राजकारणाचाच होता, आणि त्यानें चांगलें काम केलें. नभोवाणी नसती, तर देवधरांची कीर्ति घरोघरीं पोंचली नसती. प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. न्यायालयानें २०१६ सालीं रेघ बदलली, ती कारणें देऊन. २०१८ सालीं मागें घेतली, तीही कारणें देऊनच. तीं कारणें कोणालाही वाचतां येतात व त्यांवर वाद घालतां येतो. बंद दाराआड झालेल्या कराराची कारणें कोणाला विचारावयाचीं ?

म्हणून यापुढें एकादी नवी लीग, नवा संघ किंवा नवा गट जाहीर होईल, तेव्हां घरांतील वडील मंडळींनीं मुलांबरोबर सामना अवश्य पाहावा, पण त्यांना तीन गोष्टी विचारावयासही शिकवावें : ही रेघ कोणी आखली, तिच्यामुळें कोणाचा लाभ झाला, आणि 'इतर' म्हणून बाहेर कोण राहिलें ? हजाऱ्यांच्या ३०९ धावा ज्याला ठाऊक आहेत, त्याला तिसरा प्रश्न विचारल्यावांचून राहवणार नाहीं.