१६९ ठिपके आणि शाळेविना शिकणं

वसुबारसेच्या संध्याकाळी दारापुढे गेरू सारवून झाला होता आणि माझी अकरा वर्षांची लेक त्यावर ठिपके काढायला बसली होती. पंधरा ते आठ. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग वर आणि खाली चौदा, तेरा, बारा असं उतरत आठापर्यंत यायचं. शेजारच्या काकू पायरीवर बसून लक्ष ठेवत होत्या. ठिपके सरळ येत नव्हते म्हणून दोनदा पुसून झालं. नऊ वर्षांच्या धाकट्याला रांगोळीत रस नव्हता, पण त्याने विचारलं, "एकूण ठिपके किती?"

लेकीने मधले पंधरा बाजूला ठेवले, वरच्या सात ओळींची बेरीज केली. सत्त्याहत्तर. तेवढेच खाली. सगळे मिळून १६९. धाकटा त्याच आठवड्यात वर्ग पाठ करत होता. तो ओरडला, "तेरा तेरं एकशे एकोणसत्तर!" म्हणजे सहा कोनांच्या या आकारातले ठिपके उचलून तेरा ओळींच्या चौरसात मांडले तर एकही उरणार नाही? खात्री करायला दोघांनी डब्यातले चिंचोके ओटीवर मांडले. खरंच उरला नाही.

मग लहान रांगोळ्या मोजल्या गेल्या. तीन ते दोनच्या रांगोळीत ७ ठिपके, पाच ते तीनमध्ये १९, सात ते चारमध्ये ३७. पुढे ६१, ९१, १२७ आणि आमचे १६९. या आकड्यांमधला फरक काढला तर सहाचा पाढा निघाला. एकापासून सगळे ओळीने मिळवत गेलं तर १, ८, २७, ६४, म्हणजे घन. हे असं का होतं, हे मला पटकन सांगता आलं नाही. निदान सहाच्या पाढ्याचं उत्तर काकूंनी दिलं. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. त्या म्हणाल्या, "अगं, दर वेढ्याला सहा बाजू. रांगोळी मोठी केली की प्रत्येक बाजूला एकेक ठिपका वाढतो. सहा वाढणारच की." पन्नास वर्षं त्यांच्या बोटांना ठाऊक असलेली गोष्ट त्या संध्याकाळी आमच्या वहीत उतरली.

सहा वर्षं आम्ही मुलांना घरीच शिकवतो आहोत. नव्याने या वाटेवर येणारे आईबाप भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: साहित्य कुठून आणायचं? मराठीत घरशिक्षणाला उपयोगी पडेल असं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं फुकट किंवा जवळजवळ फुकट आहे. निवड करताना मात्र मी एकच गोष्ट बघते. हे साधन माणसांना जवळ बोलावतं की मुलाला एकटं बसवतं? घरी शिकणाऱ्या मुलाला सगळ्यात मोठी वाण असते ती माणसांची. वर्गातली तीस-चाळीस डोकी त्याच्या वाट्याला येत नाहीत. ती उणीव भरून काढणारी वस्तू माझ्या लेखी चांगली. सुरुवातीला आम्ही एका कंपनीचा महागडा संच घेतला होता. रंगीत कार्डं, सरावाच्या वह्या, आठवड्याचं वेळापत्रक. लेकीने तो तीन महिन्यांत मुकाट्याने पूर्ण केला. त्यातल्या एकाही गोष्टीबद्दल ती आमच्याशी बोलायला आली नाही.

आपल्याकडे या विचाराची मुळं खोल आहेत. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या बायकांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज आपण सर्रास वापरतो तो ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जात, तेव्हा शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधनं त्या गावात परवडणार नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे आले. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक मी घरशिक्षण करणाऱ्या प्रत्येकीच्या हातात देते. त्यात पद्धत कमी आणि मुलांच्या मागे जाण्याची तयारी जास्त आहे. अनुताई आणि रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये उभी केलेली ‘ग्राममंगल’ संस्था हा त्याच कामाचा पुढचा धागा.

विज्ञानासाठी पहिलं नाव अरविंद गुप्तांचं. आयआयटी कानपूरमधून १९७५ मध्ये बाहेर पडलेला हा अभियंता होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात रमला आणि पुढे आयुष्यभर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करत राहिला. पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि खेळण्यांच्या चित्रफिती मराठीतही आहेत आणि सगळ्यांना मोफत आहेत.

त्यांच्या खेळण्यांतलं एकच सांगते. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घ्यायची, दुकानात ती काही रुपयांना मिळते. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि दोन्ही टोकांतून काडेपेटीतल्या काड्या खुपसायच्या. काड्यांचं गुलाचं टोक आधी खरवडून टाका. दोन काड्यांचा झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा, तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, बोट लावताच तो कलंडून तिरपा होतो. चौकोनात कर्णाची एक काडी बसवली की तोही ताठ उभा राहतो. सांध्याला आडवं भोक पाडून तिसरी काडी घातली की आकार जमिनीवरून वर उठतो आणि घर, मनोरा, पूल तयार होतात. हे केल्यानंतर आम्ही एसटीने निघालो होतो. नदीवरचा लोखंडी पूल लागला तसा धाकटा खिडकीतून त्रिकोण मोजू लागला. मागच्या बाकावरचे आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी पुढचा अर्धा तास त्याला पुलांबद्दल सांगितलं. पाच रुपयांच्या नळीने एक गुरुजी मिळवून दिले.

गणिताचं दुसरं साधन आजीच्या ट्रंकेत असतं. अष्टाचंग म्हणा, कुठे चल्लस-आठ म्हणतात, कुठे चौकाबारा. पाच गुणिले पाच घरांचा पट खडूने फरशीवर आखायचा. चिंचोके फोडून त्यांच्या चार डाळी घ्यायच्या, एक बाजू पांढरी, दुसरी काळी. जेवढ्या पांढऱ्या वर, तेवढी घरं. चारही पांढऱ्या पडल्या तर चंग, म्हणजे चार. चारही काळ्या तर अष्टा, म्हणजे आठ. दोन्हींना वर आणखी एक डाव. मुलं खेळात रंगली की एकदा विचारायचं, दोनचं दान इतक्या वेळा का पडतं? दोन्ही बाजू पडण्याची शक्यता सारखी धरली तर सोळा फेकींत सरासरी सहा वेळा दोन यावे, चार-चार वेळा एक आणि तीन, आणि चंग व अष्टा प्रत्येकी एकदा. आम्ही १६० वेळा डाळी फेकल्या आणि भिंतीवरच्या कागदावर रेघा मारल्या. आकडे तसे आले नाहीत. चिंचोक्याची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, त्यामुळे तो न्यायाने पडत नाही. संभाव्यता हा शब्द लेकीने त्यानंतर दोन वर्षांनी पुस्तकात वाचला, तेव्हा ती म्हणाली, हे तर चिंचोक्यांचं आहे. सासूबाई या खेळात सगळ्यांना हरवतात, आणि मुलांना आजीकडून हरायला फार आवडतं.

वाचनाची तर चैन आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. परदेशात मराठी टिकवू बघणाऱ्या घरांना तर तो खजिनाच आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरेंची ‘वाचू आनंदे’ची पुस्तकं घरात असावीतच. त्यांत मराठी साहित्यातले उतारे आणि भारतीय चित्रकला शेजारी शेजारी येतात. आमच्याकडे जेवणानंतर एक उतारा कुणीतरी मोठ्याने वाचतं. लहान वयात मोठ्याने वाचून घेतलेलं पोर पुढे मुकाट वाचायलाही लवकर शिकतं, हे मी दोन्ही मुलांत बघितलं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी मोफत आहेत आणि आपण स्वतः अनुवाद करून तिथे टाकूही शकतो. लेकीने एका हिंदी गोष्टीचा मराठी अनुवाद केला. माझी आई कोल्हापूरची, तिने त्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी "काय करालायस रं?" घातलं. पुस्तकी मराठी ठेवायची की आजीची, यावर दोघी दोन दिवस भांडत होत्या. भाषेचा याहून चांगला तास मला घेता आला नसता. माहितीसाठी मराठी विश्वकोशाचे खंड आता मोबाइलवरही उघडतात. एक नोंद शोधायला जावं आणि चार वाचून परत यावं.

घराबाहेरच्या गोष्टींत मी सगळ्यात वर ठेवते ती शून्य सावली. महाराष्ट्रात वर्षातून दोन दिवस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्या-मुंबईकडे हे मे महिन्याच्या मध्यावर होतं आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, पण तेव्हा ढगांची मर्जी लागते. दक्षिणेकडच्या गावांत मे महिन्यातला हा दिवस आधी येतो, उत्तरेकडे नंतर. गच्चीत ओळंब्याने काठी उभी करा आणि आधीच्या आठवड्याभर दुपारची सर्वांत छोटी सावली खडूने खुणावून ठेवा. त्याच दिवसांत कोल्हापूर, नाशिक, नागपूर इथल्या भावंडांना फोन करून त्यांच्या सावल्या विचारा. पृथ्वी गोल आहे हे वाक्य पाठ करणं वेगळं आणि मामेभावाची सावली आपल्या आधी नाहीशी झाली म्हणून ते पटणं वेगळं.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते. पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून दिसलेले पक्षी मोजायचे आणि नोंदवायचे, एवढंच. नावं मात्र मराठीत शिकवावीत. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ याच कामासाठी आहे. बुलबुल, दयाळ, शिंपी, तांबट ही नावं कळली की पक्षी ओळखीचे होतात. तांबटाला तांबट का म्हणायचं, हे त्याचं टुक टुक ऐकलं आणि तांबट आळीतला हातोडा आठवला की सांगावं लागत नाही.

संग्रहालयांबद्दल थोडक्यातच. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, पणजीत मिरामारला गोवा विज्ञान केंद्र. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, गर्दी नसते, आणि एका खेपेला एकच दालन बघा. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे भरणारं प्रदर्शन चुकवू नये.

दिवाळीतला मातीचा किल्ला मी संग्रहालयापेक्षा वरचा मानते. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. अकरा आपल्याकडचे आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आमच्या इमारतीतल्या पोरांनी त्यातलाच एक निवडायचा म्हणून खांदेरी केला. समुद्रातला किल्ला, त्यामुळे पाण्याची सोय करणं आलं. पहिल्या दिवशी टाकं गळलं, दुसऱ्या दिवशी तटबंदी खचली, तिसऱ्या दिवशी शाडू आणि माती किती मिसळायची हे ठरलं. उतारावर पेरलेले अळीव दोन-तीन दिवसांत हिरवेगार झाले. शाळेत जाणारी आणि न जाणारी मुलं त्या चिखलात एकच होती.

आता जे सोपं नाही त्याबद्दल. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात घरी शिकवण्यासाठी वेगळी तरतूद नाही. आईबापांनी हे माहीत असूनच उतरावं. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे, तिथे चौदा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला नाव घालता येतं. राज्य मंडळाकडे बाहेरून बसणाऱ्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. मूल बारा वर्षांचं झालं की कागदपत्रांकडे बघायला लागा, ऐनवेळी फार धावपळ होते. वेळ कुणाचा जातो हेही मोकळेपणाने बोलायला हवं. बहुतेक घरांत तो आईचाच जातो, तिची नोकरी सुटते आणि वर लोक तिलाच विचारतात की मूल मागे तर पडत नाही ना. आम्ही नवरा-बायकोंनी आठवड्याचे दिवस वाटून घेतले, तेही चौथ्या वर्षी. पहिल्या वर्षीच घ्यायला हवे होते. ‘पालकनीती’ मासिक १९८७ पासून निघतं आहे. त्यातले पालकांचे अनुभव वाचताना मला पुष्कळदा आधार वाटला, कारण तिथे थकलेल्या आईला उपदेश करत नाहीत.

भाऊबीजेच्या दुपारी काकू पुन्हा आल्या. हातात कडा दुमडलेली, हळदीचे डाग पडलेली त्यांची रांगोळीची वही होती. त्यांना एकवीस ते अकराची मोठी रांगोळी घालायची होती. "ठिपके किती होतील, आधी सांगा," त्या मुलांना म्हणाल्या. धाकट्याने १६९ मध्ये ४८ मिळवले, मग ५४, मग ६०. ३३१, तो म्हणाला. काकूंनी वही उघडली. सगळे ठिपके घालून त्यांनी रात्रीच मोजले होते आणि पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा लिहून ठेवला होता. ३३१.