काही तासांत काढलेलं जहाज

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाडावाहू जहाजांचा, म्हणजे ‘एलएसटी’चा विषय निघाला की सगळ्यांना नॉर्मंडीचा किनारा आठवतो. मला आधी आठवतात जॉन नीडरमायर. अमेरिकी नौदलाच्या जहाज विभागातले हे अभियंते. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिशांचे रणगाडे फ्रान्समध्येच राहिले. परत जायचं तर धक्का नसलेल्या किनाऱ्यावर रणगाडे उतरवणारं जहाज हवं. नोव्हेंबर 1941 मध्ये ही मागणी वॉशिंग्टनला पोहोचली. तिच्यात मोठी मेख होती. अटलांटिक पार करायला जहाज पाण्यात खोल बसलं पाहिजे आणि पुळणीला लागायला तेच जेमतेम बुडलं पाहिजे. नीडरमायर यांनी पाणबुडीची युक्ती उचलली. पोटात टाक्या ठेवायच्या, भर समुद्रात त्या पाण्याने भरायच्या, किनारा जवळ आला की पंपाने उपसायच्या. कच्चा आराखडा काही तासांत तयार झाला. ब्रिटिशांना तो लगेच पटला आणि युद्ध संपेपर्यंत अमेरिकेने अशी 1,051 जहाजं बांधली.

पण बंदिस्त डेकवर इतक्या रणगाड्यांची इंजिनं एकदम सुरू झाली, तर धूर जाणार कुठे? हे जहाज समुद्रात गेल्यावर कळून काय उपयोग! म्हणून एप्रिल 1942 मध्ये केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला, समुद्रापासून शेकडो मैल दूर, जहाजाचं हुबेहूब पोट जमिनीवर उभं केलं. लष्कराने खरे रणगाडे दिले. ते आत चालवायचे, विषारी वायू किती साठतो ते बघायचं, हवा खेळती ठेवायची व्यवस्था सुधारायची आणि पुन्हा इंजिनं सुरू करायची. तीन महिने हेच चाललं. किनाऱ्यावरचा पराक्रम सगळे सांगतात. त्या पोरांना रॅम्प उघडेपर्यंत धड श्वास घेता आला, तो या इमारतीतल्या कामामुळे.

घाई तर अशी, की न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत नुकतीच ठेवलेली एका विमानवाहू जहाजाची कील उचलून तिथे एलएसटी घेतल्या. 670 जहाजं तर देशाच्या आतल्या भागातल्या पाच मोठ्या कारखान्यांनी दिली. लोक त्यांना ‘मक्याच्या शेतातल्या गोद्या’ म्हणत. तिथली जहाजं नदीतूनच समुद्राला लागत.

खलाशी मात्र एलएसटीला ‘मोठं, संथ लक्ष्य’ म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. एप्रिल 1944 मध्ये इंग्लंडच्या लाइम उपसागरात सराव चालू असताना जर्मन टॉर्पेडो बोटींनी दोन एलएसटी बुडवल्या. शेकडो अमेरिकी जवान गेले.

ब्रिटनने स्वतः बांधलेली अशीच एक एलएसटी, ‘ॲव्हेंजर’, 1949 मध्ये आपल्या नौदलाने घेतली आणि तिचं नाव ‘मगर’ ठेवलं. आज ‘शार्दूल’, ‘केसरी’ आणि ‘ऐरावत’ ही जहाजं तेच काम करतात. बांधणी कोलकात्याच्या गार्डन रीचची, इंजिनं किर्लोस्करांची.