उतारावर ‘डी’ पुरत नाही

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या पाइक्स पीक या १४ हजार फुटांहून उंच शिखरावर थेट माथ्यापर्यंत गाडी जाते. चढताना ऑटोमॅटिक पिकअप ‘डी’मध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये, टाकली की काम भागतं. खरी परीक्षा उतरताना. वाटेत, ग्लेन कोव्हपाशी, तिथले कर्मचारी गाड्या थांबवून ब्रेक किती तापलेत ते तपासतात. जास्त तापलेले असतील, तर निवेपर्यंत थांबायचं.

असं का होतं? ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मुख्यतः वेग आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय पाहून गिअर ठरवतो. उतारावर पाय उचलला की गाडी निवांत चालली आहे असं समजून तो वरचा गिअर धरून बसू शकतो. इंजिन संथ फिरतं, गाडीला ओढून धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मागे जड सामान असेल तर बघायलाच नको.

म्हणून गिअर आपण निवडायचा. १० गिअरच्या फोर्ड एफ-१५० पिकअपमध्ये गिअरच्या दांड्यावर अधिक-उणे अशी बटणं मिळतात. ‘डी’मध्येच उणे दाबत गेलं की वरचे गिअर एकेक करून बंद होतात, उरलेल्यांत गाडी आपली आपण बदल करते. ‘एम’मध्ये, म्हणजे मॅन्युअलमध्ये, मात्र गिअर पूर्ण आपल्या हाती. फार वेगात असताना एकदम खालचा गिअर मागितला, तर गाडी सरळ नकार देते, कारण इंजिन झेपेल त्यापेक्षा जोरात फिरेल. हा नकार मला तरी फार शहाणपणाचा वाटतो. त्यामुळे गिअर उतरवायचा तो उतार लागण्याआधी, वेग कमी असताना.

आपले घाटातले जुने ड्रायव्हर हेच सांगत आले: ज्या गिअरात चढलास, त्यातच उतर.