गाठ काढली, पुढे काय?

फुप्फुसाच्या कर्करोगाचे नाव काढले की अजूनही घरातील माणसांच्या तोंडचे पाणी पळते. आता सारे संपलेच, असे वाटू लागते. अशा वेळी १९३३ सालची एक हकीगत लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या वर्षी ५ एप्रिल रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरी डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहॅम या शस्त्रवैद्याने एका रोग्याचे डावे फुप्फुस कर्करोगामुळे संपूर्ण काढून टाकले. रोगी स्वतःही डॉक्टरच होता. त्यानंतर तो सुमारे तीस वर्षे जगला. दैवगती अशी विलक्षण की, ज्यांनी त्याला वाचविले ते ग्रॅहॅम १९५७ साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने वारले आणि रोगी त्यांच्या मागे राहिला!

रोगाचे नाव एक, परंतु गती मात्र दोन. असे का व्हावे? याचे कारण, ‘कर्करोग’ या एका शब्दात अनेक प्रकृतींचे रोग दडलेले असतात. जोशींची गाठ आणि कुलकर्ण्यांची गाठ मापाने सारखी असली तरी स्वभावाने सारखी असेलच असे नाही. म्हणून शस्त्रक्रिया आटोपल्यावर काढलेला भाग विकृतिशास्त्रज्ञाकडे जातो आणि काही दिवसांनी त्याचा अहवाल येतो. ‘सगळे काढले’ हे डॉक्टरांचे शब्द ऐकून निर्धास्त झालेले कुटुंब हा कागद बहुधा न वाचताच फाइलला लावते. वस्तुतः पुढील वाट दाखविणारा कागद तोच.

त्यात प्रथम पाहावयाचे ते गाठीचे माप. लसिकाग्रंथींपर्यंत न पोहोचलेली आणि ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ म्हणजे रोगाचा पहिला टप्पा. या टप्प्यातील रोग्यांचे अनेक देशांतून जमविलेले आकडे २०१६ साली प्रसिद्ध झाले. गाठ १ सेंटिमीटरपर्यंत असेल तर शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी शंभरांतील ९० जण हयात होते; २ सेंटिमीटरपर्यंत ८५, ३ पर्यंत ८० आणि ४ पर्यंत ७३. एकेका सेंटिमीटरला केवढी किंमत आहे, हे यावरून ध्यानात यावे.

परंतु मापावरच सारे अवलंबून नसते. फुप्फुसाभोवती एक पातळ आवरण असते. गाठीने ते भेदले असेल तर ती लहान असूनही वरच्या पायरीवर धरली जाते. रक्तवाहिन्यांत वा लसिकावाहिन्यांत पेशी शिरलेल्या दिसल्या, तर रोग परतण्याचा धोका वाढतो. साखरेची पुडी फुटून चार दाणे दूर सांडावेत, तशा काही गाठींच्या पेशी कडेपलीकडील वायुकोशांत विखुरलेल्या सापडतात. हेही लक्षण चांगले नव्हे. विशेषतः फुप्फुसाचा अगदी थोडाच भाग काढला असेल तेव्हा.

ग्रंथिपेशींपासून होणाऱ्या कर्करोगात पेशींची मांडणीही बोलकी असते. भिंतीवर शेवाळ पसरावे तशा वायुकोशांच्या भिंती न मोडता पसरणाऱ्या पेशी त्यांतल्या त्यात सौम्य. तसल्या लहान गाठी पूर्णपणे काढल्या की त्या क्वचितच परत उद्भवतात. याउलट, बारीक झुबक्यांनी किंवा भरीव गोळ्यांनी वाढणाऱ्या पेशी अधिक आक्रमक. २०२० साली तज्ज्ञांनी ठरविलेल्या प्रतवारीप्रमाणे अशा पेशींचा हिस्सा २० टक्के किंवा अधिक असला, तर गाठ वरच्या, म्हणजे अधिक धोक्याच्या प्रतीत जाते.

हे सारे जाणून करावयाचे काय? तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारावयाचे. काढलेल्या भागाची कड स्वच्छ आहे ना? किती लसिकाग्रंथी तपासल्या? वर सांगितलेल्या लक्षणांपैकी कोणते आढळले? आणि गाठीची जनुकतपासणी करावी काय? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. ईजीएफआर नावाच्या जनुकात ठराविक बदल असेल, तर ३ सेंटिमीटरहून मोठ्या किंवा आवरण भेदलेल्या गाठीनंतरही रोग परतू नये म्हणून ओसिमर्टिनिब ही गोळी तीन वर्षे देता येते. तिचा गुण २०२० साली एका मोठ्या चाचणीत दिसून आला.

मात्र हा सारा विचार गाठ लहान असतानाच सापडली तर! आपल्याकडे क्षयरोग फार, म्हणून क्ष-किरण चित्रातील डाग पाहून काही वेळा महिनोन् महिने क्षयाचीच औषधे चालतात आणि दरम्यान गाठ वाढत राहते. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत आणि औषधाने गुणही येत नाही, अशा वेळी सीटी स्कॅन व तुकडातपासणीविषयी अवश्य विचारावे. ‘आमच्या घरी कोणी विडीला शिवत नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. कधीही धूम्रपान न केलेल्या स्त्रियांनाही हा रोग होतो.

शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन-तीन वर्षे साधारण दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षाकाठी सीटी स्कॅन चुकवू नये. सिगरेट ओढणाऱ्याने ती त्याच दिवशी सोडावी; निदानानंतर सोडली तरी आयुष्य वाढते.

आणखी एक. पुष्कळ घरांत मुले-सुना अहवाल आजोबांपासून दडवून ठेवतात. हेतू प्रेमाचाच, पण ज्याला तपासणीचे कारण ठाऊक नाही, तो तपासणीला कशाला जाईल? शंभरांतील ऐंशी हा आकडा शंभर जणांचा असतो. त्यांतील आपले माणूस कोणते, हे तो सांगत नाही. म्हणून अहवालाला कुंडली समजू नये. तो प्रवासाचा नकाशा आहे, आणि ज्याला चालावयाचे आहे त्याच्याच हाती तो असावा.